प्रमादातीत कोण?

८ मे २०२५ रोजी व्हॅटिकनमधील सिस्टीन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि लिओ चौदावे हे कॅथॉलिक पंथाचे नवे पोप झाल्याचे जगाला कळले. पोप बदलला की आपल्याकडील चर्चेत एक वाक्य हटकून उच्चारले जाते : पोप कधीच चुकत नाही, असे कॅथॉलिक मानतात. कुणी ते उपहासाने म्हणतो, कुणी रागाने, तर कुणी काहीशा कौतुकानेही; कारण कोट्यवधींच्या समाजाला एका शब्दात बांधणारे असे एखादे पीठ आपल्याकडेही असावे, अशी सुप्त इच्छा काही हिंदू मनांत असते. या तिन्ही प्रतिक्रिया ज्या वाक्यावर उभ्या आहेत, ते वाक्य मात्र अर्धसत्य आहे. अर्धसत्यावर रचलेला युक्तिवाद पहिल्याच प्रश्नाला ढासळतो आणि तो मांडणाऱ्याची विश्वासार्हताही सोबत घेऊन जातो. म्हणून या सिद्धांताचा अर्थ काय, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि त्यावर हिंदू समाजाचा खरा आक्षेप कोणता असावा, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

हा विषय रोमचा, आमच्या जिल्ह्याशी त्याचा काय संबंध, असे यवतमाळच्या वाचकाला वाटेल. संबंध आहे आणि तो जुना आहे. १९५३ साली अनेक प्रोटेस्टंट मिशनांनी मिळून यवतमाळ येथे 'युनियन बिब्लिकल सेमिनरी' ही धर्मोपदेशक घडविणारी संस्था सुरू केली. १९८३ मध्ये ती पुण्याला हलेपर्यंत तीस वर्षे तेथे ख्रिस्ती धर्मशास्त्राचे अध्यापन चालले. ही संस्था ज्या इव्हँजेलिकल प्रवाहातली, त्याला पोपचा अधिकार मुळीच मान्य नाही. तो प्रवाह प्रमादातीत मानतो बायबलला. पुढे दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, अमरावतीचा कॅथॉलिक धर्मप्रांत स्थापन झाला आणि यवतमाळ जिल्हा त्याच्या कक्षेत आला. म्हणजे एकाच जिल्ह्यात प्रमादातीततेचे दोन दावे नांदू लागले. एक ग्रंथाचा, दुसरा पीठाचा. आणि दोन्ही एकमेकांना अमान्य करणारे. नेमक्या याच काळात, विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात असताना, नागपूरच्या सरकारने न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली होती. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा अहवाल आपल्या कार्यकर्त्यांना परिचित आहे. धर्मांतराच्या साधनांची चर्चा त्या अहवालाच्या निमित्ताने पुष्कळ झाली. त्या साधनांमागची प्रेरणा ज्या सिद्धांतांतून येते, त्यांचा अभ्यास मात्र मागेच पडला. केळापूर, घाटंजी, झरी-जामणी भागातील कोलामांच्या पोडांवर किंवा बंजारा तांड्यांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याची गाठ कधी ना कधी धर्मोपदेशकाशी पडतेच. समोरचा काय मानतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याजवळ संवादासाठीही शब्द नसतात आणि प्रतिवादासाठीही.

प्रथम सिद्धांत काय सांगतो ते पाहू. पहिल्या व्हॅटिकन धर्मसभेने १८ जुलै १८७० रोजी केलेल्या घोषणेनुसार पोपचे विधान प्रमादातीत ठरण्यासाठी काही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. त्याने खाजगी विद्वान म्हणून नव्हे, तर साऱ्या ख्रिस्ती जनांचा धर्मगुरू म्हणून, धर्मपीठावरून बोलले पाहिजे. सर्वोच्च अधिकाराचा वापर करीत असल्याचे त्यातून स्पष्ट झाले पाहिजे. विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा असला पाहिजे. आणि ते मत संपूर्ण चर्चने कायमचे स्वीकारावे, असा त्याचा निर्णय असला पाहिजे. यांतील एकही अट सुटली तर हमीही सुटली. पोप पाप करीत नाही, असे हा सिद्धांत सांगत नाही. स्वत: पोप दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून पापांची कबुली देतो. पोपचे राजकीय मत, त्याची मुलाखत, त्याने केलेली नेमणूक, विज्ञानाबद्दलचे त्याचे विधान यांपैकी काहीही या छत्राखाली येत नाही. पोपसह जगभरचे सर्व बिशप धर्मसभेत एकत्र येऊन अंतिम निर्णय करतात तेव्हा तोही प्रमादातीत मानला जातो. म्हणजे हा दावा एका व्यक्तीपेक्षा चर्च या संस्थेचा अधिक आहे. व्यवहारात या अधिकाराचा वापर किती झाला? १८७० नंतर पोपने असा अधिकार वापरल्याचे सर्वमान्य उदाहरण एकच आहे : १ नोव्हेंबर १९५० रोजी बारावे पायस यांनी मेरी सदेह स्वर्गात नेली गेली, हा सिद्धांत घोषित केला. त्यापूर्वीचे, १८५४ सालचे, मेरीच्या निष्कलंक गर्भधारणेविषयीचे विधानही याच कोटीत धरले जाते. दीडशेहून अधिक वर्षांत एवढेच. जो वारंवार 'पोप कधीच चुकत नाही' म्हणून टोमणा मारतो, त्याला कोणताही सुशिक्षित कॅथॉलिक हे उत्तर देईल आणि ते उत्तर बरोबर असेल.

हा सिद्धांत चर्चमध्येही एकमुखाने आला नव्हता. घोषणेपूर्वी पाच दिवस, १३ जुलैला, झालेल्या मतदानात ४५१ जणांनी होकार दिला, ८८ जणांनी नकार, तर ६२ जणांनी दुरुस्त्यांसह संमती दर्शविली. अंतिम मतदानाच्या वेळी पन्नासहून अधिक विरोधक बिशप पोपसमोर नकार उच्चारण्याऐवजी रोम सोडून निघून गेले आणि ५३३ विरुद्ध २ असा निकाल लागला. विरोधकांचे म्हणणे पोकळ नव्हते. सातव्या शतकातील पोप होनोरियस यांना त्यांच्या मृत्यूनंतर कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने ६८१ मध्ये पाखंडी ठरवून धिक्कारले होते. मग पोपला प्रमादातीत कसे म्हणायचे, असा त्यांचा सवाल होता. जर्मन इतिहासकार डोलिंगर यांनी हा सिद्धांत नाकारला आणि १८७१ मध्ये ते बहिष्कृत झाले. काळाचे भानही ठेवले पाहिजे. घोषणेनंतर अवघ्या दोन महिन्यांनी, २० सप्टेंबर १८७० रोजी, इटलीच्या सैन्याने रोम ताब्यात घेतले आणि पोपचे शतकानुशतकांचे राज्य संपले. जमिनीवरची सत्ता निसटत असताना मनांवरची सत्ता निरपवाद करण्याचा हा प्रयत्न होता, असे इतिहासाच्या अभ्यासकाला वाटले तर त्यात नवल नाही.

पोपची प्रत्येक आज्ञा ईश्वराज्ञा मानली जात नाही, याचा पुरावा शोधण्यास युरोपात जाण्याचीही गरज नाही. तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच आहे. १८३८ मध्ये सोळावे ग्रेगरी यांनी एका आज्ञापत्राने भारतातील अनेक प्रदेशांवरचा पोर्तुगीज आश्रयाखालील बिशपांचा अधिकार काढून घेतला. गोव्याच्या धर्मगुरूंनी ती आज्ञा मानली नाही. मुंबईत तर गोव्याचा अधिकार मानणारी चर्चे आणि रोमने नेमलेल्यांचा अधिकार मानणारी चर्चे, अशी दुहेरी व्यवस्था अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, ती १९२८ पर्यंत टिकली. पोपची थेट आज्ञा असताना मुंबई-गोव्याचे कॅथॉलिक पिढ्यान् पिढ्या भांडत राहिले आणि तरीही स्वत:ला कॅथॉलिकच म्हणवीत राहिले. श्रद्धेचा सिद्धांत वेगळा आणि प्रशासनाचा हुकूम वेगळा, हा भेद त्यांना चांगला कळत होता.

मग आक्षेपाला जागाच नाही काय? आहे, आणि ती गंभीर आहे. परंतु ती जागा लोक जेथे दाखवितात तेथे नाही. पहिला प्रश्न असा की, कोणते विधान प्रमादातीत आणि कोणते नाही, हे ठरवायचे कोणी? १३०२ साली आठवे बोनिफेस यांनी असे घोषित केले की, प्रत्येक मानवाने रोमच्या धर्मगुरूच्या अधीन असणे त्याच्या उद्धारासाठी सर्वथा आवश्यक आहे. अनेक कॅथॉलिक धर्मपंडित हे वाक्य अंतिम सिद्धांतांत मोजत आले आहेत. याचा सरळ अर्थ घेतला तर यवतमाळच्या जंगलातला कोलाम, पंढरीच्या वाटेवरचा वारकरी आणि काशीचा पंडित यांना उद्धाराचा मार्गच उरत नाही. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६४ मध्ये मान्य केले की, ज्यांना स्वत:च्या दोषाविना ख्रिस्ताचा संदेश कळलेला नाही, पण जे प्रामाणिक अंत:करणाने ईश्वराला शोधतात, त्यांचाही उद्धार होऊ शकतो. हा बदल स्वागतार्हच आहे. पण चर्च त्याला बदल म्हणत नाही, 'विकास' म्हणते. वाक्य तेच राहते, अर्थ पालटतो. चूक झाली असे म्हणण्याची वाट एकदा बंद केली की, अर्थ वळविण्याची कला विकसित होते. मानवी बुद्धीला प्रामाणिकपणे 'आम्ही चुकलो होतो' म्हणता न येणे, हे त्या दाव्याचे खरे मूल्य आहे, आणि ते चर्चलाच सर्वांत अधिक मोजावे लागले आहे. गॅलिलिओला १६३३ मध्ये शिक्षा झाली. ती शिक्षा प्रमादातीत नव्हती, हे कॅथॉलिक पंडित सांगतात व ते खरेही आहे. पण त्या प्रकरणातील चूक पोपने जाहीरपणे मान्य करायला १९९२ साल उजाडावे लागले.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा. प्रमादातीत विधाने मोजकी. पण त्यांच्याभोवती अधिकाराचे जे विस्तीर्ण वलय असते, त्याचे काय? प्रमादातीत नसलेल्या शिकवणुकीलाही श्रद्धावंताने बुद्धीची आणि इच्छेची धार्मिक शरणागती द्यावी, असे १९६४ च्या त्याच दस्तऐवजात म्हटले आहे. म्हणजे सिद्धांताची मर्यादा कागदावर अरुंद, व्यवहारात आज्ञेची मर्यादा रुंद. स्विस धर्मपंडित हान्स कुंग यांनी १९७० मध्ये प्रमादातीततेच्या दाव्यालाच प्रश्न विचारणारे पुस्तक लिहिले आणि डिसेंबर १९७९ मध्ये कॅथॉलिक धर्मपंडित म्हणून शिकविण्याचा त्यांचा अधिकार काढून घेण्यात आला.

महाराष्ट्राला मात्र कुंग यांच्यापेक्षा फादर अँथनी डिमेलो यांचे प्रकरण अधिक जवळचे आहे. १९३१ मध्ये मुंबईत जन्मलेला हा जेझुइट धर्मगुरू. त्यांची 'साधना' ही संस्था लोणावळ्यात स्थिरावली. विपश्यना, उपनिषदे, झेन आणि सूफी कथा यांचा आधार घेऊन त्यांनी ख्रिस्ती साधकांना ध्यान शिकविले. शब्दांच्या पलीकडे असलेल्या ईश्वराचा अनुभव, देहाविषयी सजगता, छोट्या गोष्टींतून दिलेला मोठा बोध ही त्यांची शैली होती आणि त्यांची पुस्तके जगभर वाचली गेली. या मातीतल्या माणसाने या मातीतल्या साधनेची भाषा आपल्या पंथात नेली, असे त्यांच्याबद्दल म्हणता येईल. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर अकरा वर्षांनी, २४ जून १९९८ रोजी, श्रद्धासिद्धांतांवर देखरेख करणाऱ्या व्हॅटिकनच्या खात्याने एक सूचनापत्र काढले. त्यांच्या लिखाणातील काही मते कॅथॉलिक श्रद्धेशी विसंगत असून गंभीर हानी करू शकतात, असे त्यात बजावले होते. आक्षेप कोणते? ईश्वर हा जणू निराकार विश्वतत्त्व असल्याप्रमाणे मांडला, येशूला इतर गुरूंच्या पंक्तीत बसविले, धर्मग्रंथांना अंतिम मानले नाही. त्या पत्राखाली सही होती कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांची, जे २००५ मध्ये सोळावे बेनेडिक्ट या नावाने पोप झाले. उत्तर देण्यास डिमेलो हयात नव्हते.

हे सूचनापत्र प्रमादातीत होते काय? मुळीच नाही. कोणताही कॅथॉलिक धर्मपंडित तसे म्हणणार नाही. आणि नेमका हाच आपला मुद्दा आहे. लोणावळ्याच्या त्या साधकाला वेगळे पाडण्यासाठी प्रमादातीततेची गरजच पडली नाही. सत्य आमच्याजवळ पूर्णत्वाने आहे, ही धारणा पुरेशी ठरली. हिंदू मनाला येशू परका वाटण्याचे कारण नाही. ज्या समाजाने सांख्यांच्या निरीश्वर कपिलालाही मुनिपद दिले, त्याला आणखी एक संत जड जात नाही. अडचण येते ती 'हाही एक मार्ग' या विधानाला पीठ पाखंड म्हणते तेव्हा. डिमेलो यांच्यावरील आक्षेपांची यादी हिंदू वाचकाने ताडून पाहावी; आपण ज्याला सहज धर्मबुद्धी म्हणतो, तिचीच ती यादी आहे.

या धारणेचा परिणाम भारताने लगेच पाहिला. नोव्हेंबर १९९९ मध्ये, ऐन दिवाळीत, दुसरे जॉन पॉल दिल्लीला आले आणि आशियातील चर्चविषयीचा दस्तऐवज त्यांनी तेथे प्रसिद्ध केला. पहिल्या सहस्रकात युरोपात क्रूस रोवला गेला, दुसऱ्यात अमेरिका व आफ्रिकेत. तिसऱ्यात आशियात श्रद्धेचे मोठे पीक कापले जावे, अशा आशयाची अपेक्षा त्यात होती. आपल्या सर्वांत मोठ्या सणाला घरी आलेल्या पाहुण्याने यजमानाच्या अंगणाकडे पिकाच्या दृष्टीने पाहावे, याची बोच हिंदू समाजाला लागली ती स्वाभाविक होती. पुढच्याच वर्षी त्याच खात्याने काढलेल्या घोषणापत्रात इतर धर्मांच्या अनुयायांची स्थिती, चर्चमध्ये असलेल्यांच्या तुलनेत, गंभीररीत्या उणी असल्याचे म्हटले गेले. या दोन्ही दस्तऐवजांनाही प्रमादातीततेची मोहर नाही. म्हणजे ते बदलू शकतात, आणि ही आशेची जागा आहे. १८६४ मध्ये नववे पायस यांनी धर्मस्वातंत्र्याच्या आधुनिक कल्पनेचा समावेश चुकांच्या यादीत केला होता. १९६५ मध्ये त्याच चर्चने धर्मस्वातंत्र्य हा मानवी प्रतिष्ठेतून येणारा हक्क मानला. १०१ वर्षांत एवढे अंतर कापता येत असेल, तर इतरांच्या धर्माकडे पीक म्हणून पाहण्याची दृष्टीही अपरिवर्तनीय नाही.

म्हणून आपल्या कॅथॉलिक बांधवांना विचारण्याजोगा प्रश्न असा आहे : धर्मांतराची ही मोहीम तुमच्या श्रद्धेचा न बदलणारा गाभा आहे, की एका काळाचे धोरण? धोरण असेल, तर या देशाचे नागरिक म्हणून, ज्यांच्या पूर्वजांची दैवते याच डोंगर-नद्यांवर होती त्यांचे वंशज म्हणून, तुम्ही त्याविरुद्ध आवाज का उठवीत नाही? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांचीच परंपरा देते. कार्डिनल न्यूमन यांनी १८७५ मध्ये, प्रमादातीततेचे समर्थन करतानाच, सदसद्विवेकाचा मान पोपच्याही आधीचा मानला होता. आणि त्याच न्यूमन यांना २०२५ मध्ये चर्चने आपल्या श्रेष्ठ आचार्यांच्या मालिकेत स्थान दिले. कॅथॉलिक पंथाबाहेरचे, पण आपल्या मराठी इतिहासातले उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंच्या धर्मांतराविषयी आपले मत काहीही असो. पण ज्या भगिनीसंघाच्या आश्रयाला त्या होत्या, त्यातील गुरुस्थानी असलेल्या भगिनींना त्यांनी पत्रांतून नि:संदिग्धपणे कळविले की, येथल्या पुरोहितांचे जू मानेवरून उतरविले ते तिथल्या पुरोहितांचे जू घेण्यासाठी नव्हे. धर्म बदलला तरी स्वतंत्र बुद्धीचा या भूमीचा संस्कार बदलला नाही.

इथवर वाचून समाधान मानणाऱ्या वाचकाने आता थोडे आपल्या घरातही पाहावे. प्रमादातीततेचा विचार आपल्याकडे नव्हता, हे म्हणणे खरे नाही. मीमांसकांनी वेदांना अपौरुषेय मानले, ते याच प्रश्नाच्या उत्तरादाखल. त्यांचे तर्कशास्त्र मात्र रोमच्या नेमके उलट दिशेने गेले. माणूस म्हटला की भ्रम आला, अनवधान आले, फसविण्याची इच्छा आली, इंद्रियांचा अपुरेपणा आला. म्हणून जे निर्दोष असेल ते कोणाही पुरुषाचे असता कामा नये, हा त्यांचा निष्कर्ष. रोमने एका पुरुषाच्या पदाला निर्दोषतेची हमी दिली. मीमांसेने पुरुषमात्राला त्या हमीपासून वगळले. शिवाय त्या वेदांचा अर्थ लावण्याचे एकमेव पीठ आपण कधी उभारले नाही. शंकर, रामानुज आणि मध्व या तिघांनी तीच उपनिषदे प्रमाण मानून तीन वेगळे सिद्धांत मांडले आणि तिघेही आचार्य राहिले. शंकराचार्यांनी तर गीताभाष्याच्या अखेरीस स्पष्ट केले की, शंभर श्रुतींनी अग्नी थंड असल्याचे सांगितले तरी ते प्रमाण होत नाही. तैत्तिरीय उपनिषदातील गुरू निरोप घेणाऱ्या शिष्याला बजावतो की, आमची जी चांगली कृत्ये असतील तीच आचर, इतर नाहीत. स्वत:च्या अनुकरणाला स्वत:च मर्यादा घालणारा हा गुरू आपल्या परंपरेचे वैभव आहे.

परंतु पीठ नसल्याने आपण सुरक्षित राहिलो, असे इतिहास सांगत नाही. एक पोप नव्हता, तेव्हा गावोगावी छोटे पोप निर्माण झाले. शास्त्राधाराचे नाव घेऊन अस्पृश्यतेचे समर्थन झाले, विधवांचे केशवपन झाले, समुद्रोल्लंघन करणारे बहिष्कृत झाले. ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावर बुद्धी गहाण टाकू नये, हे स्वातंत्र्यवीर सावरकरांना हयातभर घसा कोरडा करून सांगावे लागले. ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, असे नि:संदिग्धपणे सांगितले, तेव्हा ते समाजाच्या शतकानुशतकांच्या प्रमादाची कबुलीच देत होते. ती कबुली देण्यास त्यांना कोणतेही वाक्य वळवावे लागले नाही. चूक होती, ती चूक म्हटली गेली.

याच दृष्टीने यवतमाळ जिल्ह्याकडे पाहिले तर तेथील मातीनेच आपल्याला दोन धडे दिले आहेत. 'वंदे मातरम्'च्या प्रकरणात नागपूरच्या शाळेतून बाहेर पडावे लागलेले केशव हेडगेवार तपस्वी बाबासाहेब परांजपे यांच्या यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत शिकायला आले होते. पुढे संघाची स्थापना केल्यावर गुरू कोण, हा प्रश्न आला तेव्हा डॉक्टरांनी स्वत:चे नाव पुढे केले नाही, अन्य कोणा महापुरुषाचेही नाही. १९२८ च्या गुरुपौर्णिमेला स्वयंसेवकांनी पूजन केले ते भगव्या ध्वजाचे. व्यक्ती कितीही थोर असली तरी स्खलनशील आहे, हा विचार त्यामागे होता. १९३० मध्ये जंगल सत्याग्रहासाठी ते पुन्हा याच जिल्ह्यात आले. जाण्यापूर्वी सरसंघचालकपदाची जबाबदारी त्यांनी डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपविली आणि २१ जुलैला यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या जंगलात कायदेभंग करून कारावास पत्करला. संस्थापक असूनही पद आपल्यावाचून चालू शकते, हे त्यांनी कृतीने दाखविले.

दुसरा धडा वणीच्या लोकनायक बापूजी अण्यांचा. लोहाऱ्याच्या आधी, १० जुलै १९३० रोजी, पुसदला जंगल कायदा मोडून त्यांनी या सत्याग्रहाचे नेतृत्व केले. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. गांधीजींविषयी त्यांच्या मनात आदर होता. पण गांधीजींचा प्रत्येक शब्द त्यांनी प्रमाण मानला नाही. जातीय निवाड्याबाबत काँग्रेसने घेतलेली तटस्थ भूमिका न पटल्याने १९३४ मध्ये त्यांनी पं. मदनमोहन मालवीय यांच्यासह वेगळा पक्ष काढला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींचे उपोषण चालू असता सरकारची भूमिका असह्य होऊन त्याच पदाचा त्यांनी राजीनामा दिला. मतभेद असतानाही श्रद्धा ठेवता येते आणि श्रद्धा असतानाही मतभेद ठेवता येतो, हे बापूजींच्या चरित्राने सिद्ध केले आहे. आज्ञा आणि बहिष्कार एवढ्या दोनच शब्दांत विचार करणाऱ्या कोणत्याही पीठाला हे उमगणे कठीण आहे.

हा वारसा आपोआप टिकत नाही. ध्वज बोलत नाही. म्हणून ध्वजाच्या नावाने बोलणारा माणूस स्वत:लाच ध्वज समजू लागण्याचा धोका नेहमीच असतो. सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीच्या विज्ञान भवनात सरसंघचालक डॉ. मोहनजी भागवत यांनी, श्रीगुरुजींच्या 'विचारधन'मधील काही विधाने त्या त्या परिस्थितीच्या संदर्भातली असून ती शाश्वत नसतात, असे जाहीरपणे सांगितले. काहींना ते धक्कादायक वाटले. वास्तविक ध्वजाला गुरू मानणाऱ्या संघटनेला ते शोभणारेच होते. ज्यांना धक्का बसला त्यांनी स्वत:ला विचारावे की, आपण नकळत श्रीगुरुजींना असे आसन तर देत नव्हतो ना, जे घेण्यास त्यांनी स्वत:च नकार दिला असता? हाच प्रश्न आज ज्याच्या त्याच्या आवडत्या नेत्याबाबत, कीर्तनकाराबाबत, बाबा-महाराजांबाबत विचारण्याची वेळ आहे. भ्रमणध्वनीवर आलेला संदेश आपल्या बाजूचा आहे एवढ्यावरून तो खरा मानणारा आणि पुढे धाडणारा कार्यकर्ता, अटींनी बांधलेल्या पोपपेक्षाही मोठ्या प्रमादातीततेवर विश्वास ठेवीत असतो. कारण त्याच्या श्रद्धेला एकही अट नसते.

तेव्हा कॅथॉलिक शेजाऱ्याला टोमणा मारण्यापूर्वी त्याचा सिद्धांत नीट समजून घ्यावा. त्यातील मर्यादा प्रामाणिकपणे मान्य कराव्यात. मग, सत्याची मक्तेदारी सांगून माणसे तोडणाऱ्या वृत्तीला ठामपणे, पण सभ्य शब्दांत विरोध करावा. आणि हा विरोध करण्याचा अधिकार आपण रोज नव्याने मिळवावा. आपल्या चुका आपणच शोधून, आपणच सांगून, आपणच दुरुस्त करून. यवतमाळच्या पोडांवर आणि तांड्यांवर जाणाऱ्या कार्यकर्त्याजवळ 'आमचाच शब्द अखेरचा' म्हणणारे पीठ नाही, हे त्याचे उणेपण नव्हे. तेथल्या माणसाच्या देवाला खोटे न ठरविता त्याच्या शेजारी बसण्याची मोकळीक त्यालाच आहे. त्या मोकळिकीचा उपयोग तो किती करतो, यावरच उद्याचा विदर्भ कोणाचे ऐकेल, हे ठरणार आहे.